जत्रेसाठी स्वतःची नाणी आणि कुपनं काढता येतील का?

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या जत्रा समितीने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. जत्रेत सुट्ट्या पैशांची दरवर्षी ओढाताण होते. म्हणून समितीला १० आणि २० रुपयांची पितळी नाणी आणि ५० व १०० रुपयांची छापील कुपनं काढायची आहेत. भाविकांनी ती समितीच्या काउंटरवर रोख देऊन घ्यायची, जत्रेतल्या कुठल्याही दुकानावर चालवायची, आणि दुकानदारांनी रात्री ती समितीला परत देऊन पंधरा टक्के वजा जाता रोख न्यायची. उरलेली नाणी वर्षभर गावातल्या दुकानांतही चालावीत, मांडव घालणाऱ्यांची थोडी मजुरीही त्यातच द्यावी, असा विचार आहे. शिवाय देवीची छबी असलेलं १० ग्रॅम चांदीचं नाणं काढून त्यावर ‘रु. ५०००’ असा आकडा घालायचा, आणि पुढच्या जत्रेपर्यंत जो ते सांभाळेल त्याला ५५०० चा माल द्यायचा. पंचायत ना-हरकत दाखला द्यायला तयार आहे. यात बेकायदा काही आहे का?

आहे, आणि बरंच आहे. पितळी नाणी काढू नका. सगळ्या दुकानांवर चालणारी कुपनं तुम्ही लिहिलंय त्या रूपात काढू नका. वर्षभर गावात चालवण्याचा विचार पूर्ण सोडून द्या, आणि मजुरीचाही. चांदीचं नाणं काढता येईल, पण त्यावरचा रुपयांचा आकडा आणि ५५०० चं वचन दोन्ही काढून टाकल्यावर. पंचायतीच्या दाखल्याने यातलं काहीही कायदेशीर होत नाही.

दाखल्याचं आधी सांगते, कारण आपल्याकडे कुठल्याही कामाला पंचायतीचा कागद मिळाला की माणसं निर्धास्त होतात. चलन, नाणी आणि कायदेशीर देणं हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत, नोंद ३६. हुंड्या, धनादेश, वचनचिठ्ठ्या (ठरलेली रक्कम देण्याचं लेखी वचन) यांची नोंद ४६ सुद्धा केंद्राच्याच यादीत. गोवा विधानसभेने एकमताने ठराव केला तरी गोव्याला स्वतःचं नाणं पाडता येणार नाही. मग पंचायतीला ते कुठून येणार? पंचायत मांडवाला, दुकानांच्या जागेला, कचऱ्याच्या व्यवस्थेला परवानगी देऊ शकते. तुमच्या नाण्याबद्दल तिची हरकत नसली तरी कायद्याची आहे.

आता नाण्यांकडे. २०११ चा नाणे कायदा मार्च २०१२ पासून लागू आहे. सरकारच्या अधिकाराशिवाय धातूचा कुठलाही तुकडा, त्यावर छाप असो वा नसो, पैसा म्हणून वापरण्याच्या इराद्याने नाण्यासारखा वापरायला हा कायदा मनाई करतो. ‘छाप असो वा नसो’ हे शब्द ध्यानात ठेवा. समितीच्या पत्रात लिहिलंय की नाण्यावर अशोकस्तंभ नसेल, देवळाची दीपमाळ असेल, त्यामुळे ते सरकारी नाण्यासारखं दिसणार नाही. पण या मनाईला सारखेपणाची अटच नाही. सरकारी नाण्याची नक्कल करणं हा वेगळा आणि फार मोठा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ खाली त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि तुमच्यावर तो लागणार नाही. इथे प्रश्न एवढाच विचारला जाईल की हा तुकडा पैसा म्हणून चालावा यासाठी काढला होता का. तुमच्या ठरावात तर तसं स्वच्छ लिहिलेलं आहे.

ही मनाई नवी नाही. १८८९ साली धातूच्या टोकनांबद्दल वेगळा कायदा झाला होता, तोच पुढे २०११ च्या कायद्यात विलीन झाला. त्या काळी आसामातल्या चहामळ्यांत मालक स्वतःची पितळी-तांब्याची टोकनं पाडून मजुरांच्या हातावर ठेवत. मजुराने दिवसभर पाती खुडायची, संध्याकाळी टोकन घ्यायचं, आणि ते मळ्याच्या हद्दीत सोडून कुठे चालायचं नाही. गावी पैसे पाठवायचे तर काय पाठवणार? मळा सोडायचा तर वाटखर्चाला काय नेणार? मजुरीचा पैसा मालकाने स्वतः पाडला की मजूर मालकाच्या हद्दीत अडकतो. म्हणूनच १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मजुरी चालू नाण्यांत किंवा नोटांत देण्याचं बंधन घातलं, पुढे धनादेश आणि बँकेचं खातं त्यात आलं, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तोच नियम आहे. मांडववाल्याला, सफाईच्या बायकांना, रात्रीच्या राखणदाराला समितीच्या नाण्यांत एक रुपयाही देऊ नका. ते ‘चालेल’ म्हणाले तरी देऊ नका. ज्याला उद्या परत काम हवं असतं त्याच्या ‘चालेल’ला फार अर्थ नसतो.

मग कोणीतरी म्हणेल की धातू नको तर लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चकती करू. नाणे कायद्यातली ती मनाई धातूच्या तुकड्यापुरती आहे हे खरं. पण धातू सोडल्याबरोबर तुम्ही कागदाच्या रांगेत येता, आणि तिथे रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ चं कलम ३१ उभं आहे. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ याच कलमात आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

रिझर्व्ह बँक, आणि त्या कायद्याने मुभा दिली असेल तिथे केंद्र सरकार, यांच्याखेरीज भारतात कोणालाही धारकाला मागताक्षणी पैसे देण्याची हुंडी, वचनचिठ्ठी किंवा तसा कुठलाही करार काढता येणार नाही, असं कलम ३१ सांगतं. धारकाला देय असलेली वचनचिठ्ठी तर, ती मागताक्षणी देय असो वा मुदतीने, काढायचीच नाही. यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. कागदावर नाव कोणाचं नाही, तो ज्याच्या हातात असेल त्याला पैसे मिळणार. आणि तो कागद दाखवल्यावर पैसे लगेच मिळणार. या दोन गोष्टी जुळल्या की कागद एका हातातून दुसऱ्या हातात जायला मोकळा होतो. फुलवाली तो खाजेवाल्याला देईल, खाजेवाला गुळाच्या व्यापाऱ्याला देईल, आणि शेवटच्या माणसाने तो कुठून आला हे विचारायची गरजच उरणार नाही. याच गुणाने कागदाचा पैसा होतो.

तुमच्या खिशातली नोट काढून पाहा. गव्हर्नरच्या सहीवर धारकाला तेवढे रुपये अदा करण्याचं वचन आहे, आणि मागच्या बाजूला भाषांच्या पट्टीत कोकणी आणि मराठी दोन्हींत रक्कम लिहिलेली आहे. एक रुपयाच्या नोटेवर मात्र ते वचन नाही. ती रिझर्व्ह बँकेची नोटच नव्हे, केंद्र सरकारची आहे, तिच्यावर वित्त सचिवाची सही असते आणि नाणे कायद्याच्या व्याख्येत ती नाण्यांमध्येच धरली आहे. तुमच्या मसुद्यातल्या कुपनावर काय लिहिलंय? ‘हे कुपन सादर करणाऱ्यास समिती ५० रुपये देईल.’ नोटेवरचं वचन आणि हे वाक्य यांत फक्त सहीचा फरक आहे. ते वाक्य गेलंच पाहिजे.

या कलमाचा भंग केल्यास कलम ५८ब खाली त्या कागदाच्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. ५० रुपयांच्या कुपनाला ५० रुपये दंड म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण कुपनं हजारांनी छापली जातात आणि प्रत्येक कुपन हा वेगळा कागद असतो. आणि रक्कम बाजूला ठेवली तरी देवस्थानाच्या नावावर फौजदारी खटला ही काही क्षुल्लक बाब नाही.

या कलमाला अपवाद किती जपून दिला जातो ते पाहायचं असेल तर निवडणूक रोख्यांची गोष्ट आठवा. ते रोखे धारकाला देय अशा वचनचिठ्ठीच्या स्वरूपाचे होते. म्हणून ते काढण्याआधी सरकारला २०१७ च्या वित्त कायद्याने कलम ३१ मध्येच खास तरतूद घालावी लागली. ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली, पण ती मतदाराच्या माहितीच्या अधिकारासाठी, तो वेगळा विषय. आपल्यापुरता मुद्दा असा की प्रत्यक्ष केंद्र सरकारलाही असा कागद निघावा म्हणून कायदा बदलावा लागला. समितीच्या ठरावाने ते होणार नाही.

पत्रात एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप दिला आहे: ‘गोव्यात तर पूर्वी बँकेच्या नोटा चालत, सरकारच्या नव्हे. मग आता का नाही?’ आक्षेप चांगला आहे आणि त्यांची आठवण बरोबर आहे. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही लिस्बनला १८६४ मध्ये स्थापन झालेली भागधारकांची बँक. १८६८ मध्ये तिची शाखा गोव्यात आली आणि पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या रुपियाच्या नोटा तीच काढत असे. १९५० च्या दशकाच्या शेवटी रुपिया गेला, एका रुपियाला सहा या दराने एस्कुदु आला, त्याच्या नोटांवरही नाव याच बँकेचं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय रुपया आला. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीने एका कंपनीच्या नोटांनी बाजार केला हे खरंच आहे. पण त्या बँकेने नोटा स्वतःच्या मर्जीने काढल्या नव्हत्या. पोर्तुगीज राज्याने तिला तसा विशेष अधिकार दिला होता, आणि तो देणारं राज्यच गेल्यावर अधिकारही गेला.

घाटापलीकडेही तसंच होतं. पेशवाईत टांकसाळी पुष्कळदा खाजगी माणसांकडे असत, चिंचवडच्या देवांच्या टांकसाळीचं नाव तर प्रसिद्ध आहे. पण त्या परवान्याने चालत आणि सरकारला त्याचं उत्पन्न मिळे. इंग्रजी अमलात बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढत, १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. गोव्यातही नाणी पाडणं हे अफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये सुरू केलं तेव्हापासून राज्याचंच काम होतं. पुढे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर तर पोर्तुगीज हिंदुस्थानचे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. पणजीत पोस्टाजवळ ‘कासा द मोएदा’ नावाचं घर अजून उभं आहे, जुन्या टांकसाळीची ती खूण. खाजगी माणसाने पैसा काढला असं इतिहासात जिथे जिथे दिसतं तिथे बहुधा मागे राज्याची सनद सापडते.

या सनदीचा सामान्य माणसाला उपयोग काय, तर बट्टा टळतो. अनेक तऱ्हेची नाणी एकाच बाजारात असली की सराफ प्रत्येकावर बट्टा कापतो. व्यापारी तो बट्टा किमतीत धरून मोकळा होतो. भरतो तो शेवटचा माणूस, ज्याच्याकडे घासाघीस करायला वेळही नसतो आणि ताकदही नसते. तुमच्या योजनेतले पंधरा टक्के हा बट्टाच आहे. चणेकाराने शंभराचे चणे दिले आणि त्याच्या हाती पंच्याऐंशी आले. काकणं विकणारी बाई रात्री अकराला मुलाला कडेवर घेऊन तुमच्या काउंटरपुढे रांगेत उभी राहणार, आणि काउंटर बंद झाला तर पितळ घेऊन शेवटची बस पकडणार. पुढच्या दिवशी ती दुसऱ्या गावच्या जत्रेत असेल. तिथे तुमची नाणी कोण घेईल? हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पत्रात समितीच्या सोयीचा आणि भाविकांच्या सोयीचा विचार आहे, पण तिचा कुठेच नाही.

आता कायद्याचा तिसरा भाग. समजा कुपनावरचं वचन काढलं, ‘सादर करणाऱ्यास पैसे’ हे शब्द गेले, तरी भाविकाकडून आगाऊ रक्कम घेऊन ती वेगवेगळ्या दुकानदारांना पोचवण्याची व्यवस्था समिती चालवणारच. देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे पैसे पोचवणारी अशी व्यवस्था म्हणजे २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातली पेमेंट सिस्टिम. ती चालवायला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. मंजुरीविना चालवल्यास किमान एक महिना ते दहा वर्षं कैद, किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. वर्षभर गावभर चालणारं चलन, किंवा त्याचंच मोबाइलवरचं रूप, या तरतुदीच्या अगदी मध्यावर येऊन पडतं, म्हणून देते. काही गावांत तरुण मुलं म्हणतात की आपण ॲप करू, त्यात ‘गुण’ ठेवू, रुपये म्हणणारच नाही. नावाने फरक पडत नाही. पैसे घेऊन गुण दिले आणि त्या गुणांवर कोणाही दुकानातून तांदूळ मिळाला, की व्यवस्था तीच.

या कायद्याखालच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच तुमच्यासाठी एक मोकळी वाट आहे. एखाद्या संस्थेने फक्त स्वतःकडचा माल किंवा सेवा घेण्यापुरतं आगाऊ पैशाचं साधन काढलं, ते दुसऱ्या कोणाकडे चालत नसेल आणि त्यातून रोख काढता येत नसेल, तर त्याला मंजुरी लागत नाही. कँटीनची कुपनं, एखाद्या दुकानाचं त्याच दुकानात चालणारं भेटकार्ड, ही सगळी यातच बसतात. देणं-घेणं काढणारा आणि विकत घेणारा या दोघांतच राहतं, तिसऱ्याच्या हातात जात नाही.

इथे कॅसिनोच्या चिपचाही, म्हणजे जुगाराच्या टेबलावर पैशाऐवजी चालणाऱ्या चकतीचा, उल्लेख पत्रात आहे, म्हणून सांगते. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर चिप चालते ती १९७६ च्या गोव्याच्या जुगार कायद्यातल्या कलम १३अ खालच्या परवान्याने, त्याच जहाजावर, त्याच मालकाच्या टेबलावर. चिप देणारा आणि परत घेणारा तोच. पणजीतल्या एखाद्या दुकानदाराने मालाच्या बदल्यात चिपा घ्यायला सुरुवात केली तर त्या चिपेचं रूप बदललं, आणि वरचे सगळे प्रश्न तिलाही लागले.

धातूच्या नाण्यांबाबत परदेशातलं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे, कारण तुमच्या चांदीच्या नाण्याशी त्याचं फार जवळचं नातं आहे. अमेरिकेत बर्नार्ड फॉन नॉटहाउस याने १९९८ पासून ‘लिबर्टी डॉलर’ नावाची चांदीची नाणी काढली. चांदी खरी होती. पण त्यावर डॉलरचे आकडे होते, डॉलरचं चिन्ह होतं, आणि लोकांनी ती दुकानांत नेहमीच्या पैशासारखी चालवावी असा प्रचार होता. २००७ मध्ये धाडी पडल्या, मार्च २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. तिथल्या कायद्यातही धातूचं नाणं चालू पैसा म्हणून चालवायला मनाई आहे, मग त्याचा छाप सरकारी नाण्यासारखा असो की स्वतःचा. चांदी शुद्ध असल्याचा बचाव तिथे उपयोगी पडला नाही, आपल्याकडेही पडणार नाही.

तरीही देवीची छबी असलेलं चांदीचं नाणं तुम्ही काढू शकता, आणि काढावंही. दिवाळीला सराफाकडे लक्ष्मी-गणपतीची नाणी विकली जातात ती काही गुन्हा नाही. ती वस्तू आहे, तिची किंमत चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने आणि घडणावळीने ठरते, त्यावर तीन टक्के जीएसटी लागतो, आणि घेणारा ती देव्हाऱ्यात ठेवतो. तुमच्या नाण्यावर एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला देवस्थानाचं नाव, वर्ष, ‘१० ग्रॅम’ आणि शुद्धता एवढंच घाला. ‘रु.’ नको, रुपयाचं चिन्ह नको, आकडा नको, ‘नाणे चालू’ असल्या अर्थाचा एकही शब्द नको. अशोकस्तंभ तर मुळीच नको, त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. विक्रीची पावती सराफाच्या दराप्रमाणे द्या. आकड्याने एरवीही तुमचं नुकसानच होतं. चांदीचा भाव रोज हलतो, छापलेला ५००० मात्र हलत नाही. भाव वर गेला तर लोक नाणी वितळवतील, खाली आला तर सगळे ५००० मागायला समितीच्या दारात येतील.

५५०० चं वचन त्याहून वाईट. आज पैसे घ्यायचे, वर्षाने जास्तीचं द्यायचं, मालाच्या रूपात का होईना, आणि हे लोकांमध्ये जाहीर करून. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या इतक्या जवळ जायचं देवस्थानाला काहीच कारण नाही. त्या कायद्यात वस्तू किंवा सेवेच्या रूपात परतफेड असली तरी ती ठेव धरली जाते. श्रद्धेने आलेल्या माणसाला दहा टक्क्यांची लालूच दाखवणं मला कायद्याखेरीजही पटत नाही.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येते, कारण ती खरी आहे. सुट्टे मिळत नाहीत, रांगा लागतात, आणि समितीला दुकानांच्या विक्रीतला वाटा हवा आहे. या तीन गोष्टींना तीन वेगळी उत्तरं आहेत. त्यांना एकाच नाण्यात बांधल्यामुळे सगळा घोळ झाला.

समितीच्या वाट्यासाठी जागेचं भाडं ठरवा किंवा जागांची पावणी, म्हणजे लिलाव, करा. आपल्या देवळांना पावणीची सवय आहे, बोली सगळ्यांसमोर होते, पैसे आधी येतात. मोठ्या पाळण्यावाल्याकडून जास्त, चणेकाराकडून थोडं, हे बोलीत आपोआप होतं. टोपली घेऊन बसणाऱ्या फुलवाल्यांना मी पावणीतून वगळीन.

रांगांसाठी कुपनं ठेवा, पण फक्त समितीच्या स्वतःच्या खाद्यदालनात. तिथे विकणारी समितीच असली पाहिजे. भजी तळणारा आणि चहावाला हे लेखी कराराने समितीला माल पुरवतील, त्यांचे पैसे समिती ठरलेल्या दराने, त्यांच्या नावाने, बँकेतून देईल. कुपनावर रुपयांचा आकडा मोठ्या अक्षरात छापू नका. ‘भजी एक प्लेट’, ‘चहा एक’, ‘जेवण एक’ असं छापा. पैसे देण्याचं नव्हे, पदार्थ देण्याचं वचन झालं की कलम ३१ चा प्रश्न राहत नाही. खाली त्या जत्रेची तारीख घाला आणि त्यानंतर कुपन चालणार नाही असं लिहा. हे वाक्य कुपन विकतानाच ठळक दिसलं पाहिजे, मागून कोणी फसल्यासारखं वाटायला नको. न वापरलेलं कुपन त्याच रात्री, त्याच काउंटरवर, खरेदीची पावती दाखवणाऱ्याला परत घ्या आणि ती विक्री रद्द झाल्याची नोंद करा. पावती नसलेल्या कुपनाचे रोख पैसे देऊ नका. दिले तर ‘सादर करणाऱ्यास पैसे’ मागच्या दाराने परत आत येतं. खाजेवाले, काकणवाल्या, खेळणीवाले यांना या कुपनांत ओढू नका. त्यांचा व्यवहार रोखीने किंवा यूपीआयने त्यांचा त्यांना करू द्या.

सुट्ट्यासाठी तुमच्या बँकेच्या शाखेला जत्रेच्या महिनाभर आधी लेखी पत्र द्या: १, २, ५, १० आणि २० रुपयांची किती नाणी लागतील याचा आकडा घालून. लोकांपर्यंत नाणी पोचवणं हे बँकेचं कामच आहे. जत्रेच्या दिवशी समितीचं एक टेबल फक्त सुट्ट्यासाठी ठेवा. शंभराला शंभर, काहीही न कापता. आणि ध्वनिक्षेपकावरून सांगत राहा की दहा रुपयांची सगळ्या छापांची नाणी चालतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये अशा चौदा छापांची नावानिशी खात्री दिली होती, तरी गावोगाव अजून कोणी ना कोणी ती नाकारतो. एक रुपयाची आणि त्याहून मोठ्या किमतीची नाणी एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंत कायदेशीर देणं धरली जातात, नाणे कायद्याचं कलम ६. जत्रेतल्या दुकानांवरचे व्यवहार बहुधा त्यापुढे जात नाहीत.

शेवटची गोष्ट हिशेबाची. गोव्यात देवस्थानांचा कारभार अजूनही १९३३ च्या महाजनीच्या (महाजन म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद) नियमावलीप्रमाणे चालतो आणि प्रशासक म्हणून मामलेदार असतात. खाद्यदालनाची जमा, कुपनांची छपाई, क्रमांक, परत आलेली आणि रद्द केलेली कुपनं हे सगळं देवस्थानाच्या नेहमीच्या वहीत आलं पाहिजे, समितीच्या वेगळ्या पेटीत नाही. पहिला ठराव रद्द करणारा नवा ठराव महाजनांच्या सभेत घ्या, त्यात पितळी नाणी आणि गावभर चालणारी कुपनं काढणार नाही असं स्पष्ट नोंदवा, आणि त्याची प्रत मामलेदारांना द्या. पितळी नाण्यांची ऑर्डर आधीच दिली असेल तर साचा तयार होण्यापूर्वी लेखी कळवून थांबवा. नाणी तयार होऊन आली असतील तर ती वाटू नका, मोजून मोहोरबंद करा, पंचनामा करा आणि त्याच कारागिराकडून पितळ म्हणून वितळवून घ्या. वितळवण्यावर सात वर्षांपर्यंत कैदेची जी तरतूद आहे ती सरकारी नाण्यांसाठी आहे, तुमच्या तुकड्यांना ती लागत नाही. वितळवल्याची पावती नव्या ठरावाला जोडून ठेवा.